राहायचं असेल तर नीट राहा

मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या जावा वेब फ्रेमवर्कमधली (ज्याच्या आधारावर वेबप्रणाली बांधतात त्या तयार सांगाड्यातली) एक गंभीर फट उघड झाली आणि ७ मार्चला ती बुजवणारी आवृत्तीही आली. पॅच फुकट होता, सगळ्यांना खुला होता. इक्विफॅक्स ही अमेरिकेतली लोकांच्या पतव्यवहारांची माहिती सांभाळणारी मोठी कंपनी. तिच्या एका पोर्टलवर मात्र स्ट्रट्सची जुनी आवृत्ती तशीच राहिली. मेच्या मध्यावर हल्लेखोर तिथून आत शिरले आणि जुलैच्या अखेरपर्यंत आत वावरत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक त्यांच्या हाती लागले.

फ्रेमवर्क बदलायचं की आहे त्यावरच राहायचं, हा वाद निघाला की मला हे प्रकरण आठवतं. वादातल्या दोन्ही बाजूंना इथे बोलायला जागा उरत नाही. इक्विफॅक्सने स्ट्रट्स सोडून दुसरं काही घ्यायला हवं होतं, असं कुणी म्हणणार नाही; एक आवृत्ती वर चढले असते तरी भागलं असतं. आणि ‘आम्ही जुन्या, भरवशाच्या तंत्रावर टिकून आहोत’ असंही त्या पोर्टलबद्दल म्हणायची सोय नाही. ते कुणी सोडलेलं नव्हतं आणि कुणी सांभाळतही नव्हतं. मला बोलायचंय ते या तिसऱ्या अवस्थेबद्दल. आमच्या सॉफ्टवेअरच्या व्यवसायात ‘राहायचं ठरवलं’ असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा बहुतेकदा काहीच ठरवलेलं नसतं, नुसतं कामाकडे दुर्लक्ष चाललेलं असतं. पुढे तीन-चार वर्षांनी ‘आता बदलायलाच हवं’ असा सूर लागतो, तो त्याच दुर्लक्षाचा हिशेब चुकता करण्यासाठी.

बदलाची बैठक कशी असते ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पडद्यावर दोन रकाने असतात. डावीकडे आपलं आजचं फ्रेमवर्क: बिल्डला (लिहिलेल्या कोडचं चालणाऱ्या पानांत रूपांतर व्हायला) वेळ लागतो, पॅकेजं जुनी झालीत, अर्ध्या फाइल्सना हात लावायची कुणाची छाती होत नाही, टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम) कधी चालतात कधी नाही. उजवीकडे नवं: बिल्ड डोळ्याचं पातं लवतं तोवर, कोड नीटनेटका, दस्तऐवज सुरेख. असे तक्ते मी पुष्कळ पाहिलेत आणि काही मनापासून केलेतही. पण डावा रकाना ओळीओळीने तपासला तर काय दिसतं? बिल्ड संथ आहे कारण बंडलर (कोडच्या फाइल्स एकत्र बांधणारं साधन) चार वर्षांपूर्वीचा आहे. त्याच फ्रेमवर्कची ताजी आवृत्ती नव्या बंडलरवर तितक्याच वेगाने चालते. फाइल्सना हात लावायची भीती वाटते कारण त्यांच्यावर टेस्ट नाहीत, आणि टेस्ट नसल्याचा दोष कुठल्याच फ्रेमवर्कचा नसतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे. आपल्या फ्रेमवर्कवर आपण पाच वर्षं राहिलोय, त्याचे खाचखळगे आपल्या पायांना माहीत आहेत. नव्याचा आपण फक्त डेमो पाहिलाय.

न्याय्य तुलना करायचीच तर एका बाजूला आपल्या फ्रेमवर्कची अद्ययावत, साफसूफ केलेली आवृत्ती ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला ते नवं फ्रेमवर्क, पण आपल्याच टीमने, आपल्याच घाईगर्दीत, आपल्याच सवयींनी पाच वर्षं वापरल्यानंतरचं. ही दुसरी बाजू कुणाला पडद्यावर दाखवता येत नाही. म्हणूनच ती विसरली जाते.

काही वर्षांपूर्वी मी मालवाहतुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका प्रणालीवर काम करत होतो. पुढची बाजू, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारी पानं, अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कमध्ये होती. आम्ही ती रिॲक्ट या फेसबुकच्या फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहायला घेतली. अंदाज सहा महिन्यांचा होता, लागले सतरा. पण मला अजून सलतं ते वेळेचं नाही. जुन्या कोडमध्ये एक अट होती: वजनाचा रकाना रिकामा असेल तर फॉर्म अडवायचा, पण माल बंदरावर जाणार असेल तर अडवायचा नाही. शेजारी टिप्पणी नव्हती, टेस्ट नव्हती, लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेला होता. आम्हाला तो बग वाटला. नव्या कोडमध्ये आम्ही नियम सरसकट केला: वजन हवंच.

बंदरावर जाणाऱ्या त्या मालाचं वजन तिथल्या काट्यावर चढल्याशिवाय कुणालाच माहीत नसायचं. रात्रपाळीच्या कारकुनाला फॉर्म पुढे सरकवायचा होता, म्हणून तो वजनात ‘१’ टाकू लागला. एकाचं पाहून दुसऱ्याने टाकलं. ते खोटे आकडे अहवालांत गेले, अहवालांवरून गाड्यांचं नियोजन झालं, आणि गडबड कुठून सुरू झाली हे आमच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. त्या कारकुनाने आमच्याकडे तक्रार केली नव्हती. तक्रार कुठे करायची हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या कोडमधली ती एक ओळ त्याच्यासारख्याच कुणाच्या तरी अनुभवातून आली होती आणि आम्ही ती पुसून टाकली होती.

जुना कोड घाण वाटतो त्याचं एक कारण हे आहे की जग घाण आहे, म्हणजे अनियमित आहे, अपवादांनी भरलेलं आहे, आणि कोडने ते अपवाद एकेक करून शिकून घेतलेले असतात. नवा कोड स्वच्छ दिसतो कारण तो अजून कुणाला भेटलेला नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या क्षेत्राच्या इतिहासातच आहे. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी आपल्या ब्राउझरचं पानं मांडणारं जुनं इंजिन टाकून द्यायचं आणि नव्याने लिहिलेल्या इंजिनावर सगळं उभं करायचं ठरवलं. नेटस्केप ६ बाहेर पडला नोव्हेंबर २००० मध्ये, तोही अर्धाकच्चा. मधल्या दोन वर्षांत मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार जवळपास काबीज केला होता. त्या नव्या इंजिनातून पुढे फायरफॉक्स जन्मला, तेव्हा श्रम वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण ज्या कंपनीने तो निर्णय घेतला तिच्या ते कामी आलं नाही, आणि बहुतेक टीमांना तर फायरफॉक्स येईपर्यंत थांबायची चैनही परवडत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं. राहणं म्हणजे नेमकं काय, ते गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या दोन कामांतून मला समजलं. गिटहब सुरुवातीपासून रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कवर आहे. एका टप्प्यावर ते रेल्सच्या खूप मागे पडले होते. ३.२ वरून ५.२ वर यायला त्यांना सुमारे दीड वर्ष लागलं आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते काम संपलं. कल्पना करा: फ्रेमवर्क तेच, भाषा तीच, फक्त मागे पडल्याची भरपाई, आणि तिला दीड वर्ष. दुसरी एखादी टीम एवढ्या खर्चात फ्रेमवर्कच बदलून मोकळी झाली असती आणि पुढच्या दुर्लक्षाला नव्याने सुरुवात झाली असती. गिटहबने त्यातून सवय बदलली. पुढे ते रेल्सच्या विकासशाखेतला ताजा कोड दर आठवड्याला आपल्याकडे आणू लागले. दीड वर्षाच्या कामाचे त्यांनी आठवड्या-आठवड्याचे तुकडे केले.

दुसरं काम जेक्वेरी (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतल्या तयार कोडची लायब्ररी) काढण्याचं. २००६ साली आलेल्या जेक्वेरीने तेव्हाच्या ब्राउझरांमधली भांडणं (एकच कोड प्रत्येकात वेगळा चालणं) झाकून टाकली होती आणि ती त्या काळाची खरी गरज होती. पुढे तिच्यातल्या चांगल्या कल्पना ब्राउझरांनीच उचलल्या: घटक शोधायला क्वेरीसिलेक्टर, सर्व्हरशी बोलायला फेच. गिटहबने आपल्या पानांवरून जेक्वेरी काढली ती काही वर्षं लावून, एकेक भाग करत, आणि तिच्या जागी दुसरं मोठं फ्रेमवर्क आणलं नाही. ब्राउझर आता जे स्वतः करतो ते ब्राउझरवर सोपवलं. या प्रकारचा ‘बदल’ तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात नसतो. ‘याच्याऐवजी काय’ हा प्रश्न विचारताना ‘याच्याऐवजी काहीच नाही’ हे उत्तरही शक्य असतं, हे आम्हाला क्वचितच सुचतं.

ब्राउझरचा विषय निघालाच आहे तर जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात लिहिलेलं पहिलं वेबपान आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं. तीस वर्षांहून जास्त काळ ब्राउझर बनवणाऱ्यांनी ‘जुनं पान मोडायचं नाही’ हा नेम जवळपास अखंड पाळलाय. त्यावर उभ्या असलेल्या बहुतेक फ्रेमवर्कांनी मात्र तो पाळलेला नाही. तेव्हा आपला जितका कोड थेट वेबच्या पायावर उभा असेल तितका तो जास्त जगणार. आमच्या त्या मालवाहतुकीच्या प्रणालीत भाड्याचा हिशेब अँग्युलरच्या स्कोप आणि वॉचरांत (पानावरची माहिती ताजी ठेवणाऱ्या त्याच्या यंत्रणेत) गुंतलेला होता. भाडं काढायला अँग्युलर लागत नाही. ते सूत्र साध्या जावास्क्रिप्टच्या वेगळ्या फाइलीत असतं, तर पुनर्लेखनात निम्मी जोखीम कमी झाली असती, आणि गंमत अशी की मग पुनर्लेखनाची निकडही तेवढी वाटली नसती. फ्रेमवर्क बदलणं किती महाग पडणार हे फ्रेमवर्क ठरवत नाही. आपल्या कोडपैकी किती कोडला त्या फ्रेमवर्कचं नाव माहीत आहे, त्यावर ते ठरतं.

बदलूच नये असं मी म्हणत नाही. कधीकधी राहण्याचा मार्ग आपल्या पायाखालून काढून घेतला जातो. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या परिषदेत अँग्युलरच्या टीमने दुसऱ्या आवृत्तीची दिशा जाहीर केली, तेव्हा पडद्यावर कंट्रोलर, स्कोप अशा रोजच्या वापरातल्या गोष्टींची थडगी दाखवली होती. ज्यांनी त्या गोष्टींवर वर्षंच्या वर्षं काम उभं केलं होतं, त्यांनी ते कसं पाहिलं असेल? जुन्यावरून नव्यावर कसं यायचं याचं उत्तर त्या दिवशी तयार नव्हतं. दोन्ही एकत्र चालवायची सोय नंतर आली, अँग्युलर २ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि तोवर अनेकांनी विचार केला की सगळं नव्याने लिहायचंच आहे तर रिॲक्टमध्ये का नको. अँग्युलरजेएसचा, म्हणजे पहिल्या आवृत्तीचा, आधार (दुरुस्त्या मिळणं) ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. ज्यांनी ते तेव्हा सोडलं त्यांना मी चूक म्हणणार नाही. नाव तेच असलं तरी ते वेगळं फ्रेमवर्क होतं, आणि तिथे ‘राहणं’ हेच स्थलांतर होतं.

ड्रुपल या संकेतस्थळं बांधायच्या प्रणालीचंही तसंच. आठवी आवृत्ती २०१५ मध्ये सिम्फनी या दुसऱ्या फ्रेमवर्कचे भाग घेऊन मुळापासून वेगळ्या पद्धतीने बांधली गेली. सातव्या आवृत्तीवरच्या पुष्कळ लोकांना ती उडी झेपली नाही. सातवीच्या निवृत्तीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली आणि अखेर ५ जानेवारी २०२५ ला तिचा आधार संपला. १४ वर्षं जगलेली आवृत्ती. ती लोकांना अतिशय आवडत होती म्हणून एवढी जगली असं मला वाटत नाही. पुढचा रस्ता त्यांच्यासाठी सोपा बांधलेला नव्हता.

याउलट २०१८ मध्ये रिॲक्टने हुक्स (कॉम्पोनंट, म्हणजे पानाचे सुटे भाग, लिहायची नवी पद्धत) आणले तेव्हा त्याच दमात सांगितलं, जुन्या पद्धतीचे क्लास कॉम्पोनंट काढायचा विचार नाही. फेसबुकमध्येच क्लासने लिहिलेले हजारो कॉम्पोनंट आहेत आणि ते पुन्हा लिहिले जाणार नाहीत. डिसेंबर २०२४ च्या एकोणिसाव्या आवृत्तीतही क्लास चालतात. अँग्युलरच्या टीमनेही त्या जुन्या अनुभवातून शिकून २०१८ पासून एका आज्ञेत आवृत्ती चढवायचं साधन दिलं, दर सहा महिन्यांना मोठी आवृत्ती आणि तिच्या आधाराच्या तारखा आधीच जाहीर करायची शिस्त पाळली. कुठलंही फ्रेमवर्क निवडताना, किंवा आपलं सोडताना, मी आता सगळ्यात आधी हे पाहतो: यांनी आपल्या जुन्या लोकांना कसं वागवलं? वेगाच्या चाचण्या, कोडच्या ओळी किती कमी झाल्या, हे नंतर.

व्ह्यू या फ्रेमवर्कच्या बाबतीत आणखी एक पैलू दिसला. व्ह्यू ३ सप्टेंबर २०२० मध्ये आलं, व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. कागदावर तीन वर्षांहून अधिक मुदत. पण अनेक टीमा अडून बसल्या त्या स्वतःच्या कोडमुळे नव्हे. ज्या कॉम्पोनंट लायब्ररीवर त्यांची सगळी बटणं, तक्ते, कॅलेंडरं उभी होती ती लायब्ररी व्ह्यू ३ वर आलेली नव्हती. आपण एका फ्रेमवर्कवर आहोत असं म्हणतो तेव्हा खरं तर आपण पन्नास-शंभर लोकांच्या सवडीवर उभे असतो.

परवान्याचं कारणही असू शकतं. २०१७ मध्ये रिॲक्टच्या परवान्यातल्या पेटंटविषयीच्या कलमावरून अपाची फाउंडेशनने (स्ट्रट्स सांभाळणाऱ्या संस्थेने) ते आपल्या प्रकल्पांना वर्ज्य केलं, वर्डप्रेसने सोडायची तयारी केली, आणि सप्टेंबरमध्ये फेसबुकने एमआयटी हा मोकळा परवाना दिला. जे दोन महिने थांबले त्यांचं काम वाचलं. असे प्रसंग विरळा, पुढे जातो.

माणसांविषयीचा युक्तिवाद मात्र सविस्तर तपासायला हवा, कारण तो सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात कमी प्रामाणिकपणे. ‘या फ्रेमवर्कवर काम करायला आता माणसं मिळत नाहीत.’ काही वेळा हे खरं असतं. पण नव्या माणसाला आमच्या प्रणालीत उपयोगी पडायला किती काळ लागतो ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. फ्रेमवर्क काही आठवड्यांत हाताला बसतं. बंदरावर जाणाऱ्या मालाचं वजन आधी का कळत नाही, हे कळायला वर्ष जातं. आपण माणसं शोधतो ती पहिल्या गोष्टीसाठी, आणि अडतं ते दुसऱ्या गोष्टीपाशी. फ्रेमवर्क बदललं की पहिली गोष्ट सोपी होते, पण दुसरी जाणणारी जुनी माणसं त्या बदलाच्या दगदगीत बऱ्याचदा निघून जातात.

याच मुद्द्याची दुसरी बाजू म्हणजे आत असलेल्यांची काळजी. आपण मागे पडू, पुढची नोकरी मिळणार नाही, ही भीती तरुण डेव्हलपरांना असते. तिला ‘बायोडेटा सजवणं’ म्हणून हिणवणं मला मान्य नाही. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याने बाजाराकडे पाहायचं नाही तर कुठे? पण ती भीती मालवाहतुकीच्या प्रणालीचं फ्रेमवर्क बदलून शमवायची, याचा अर्थ त्या रात्रपाळीच्या कारकुनाने आमच्या शिक्षणाची फी भरायची. शिकायला वेळ आणि जागा देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कामाच्या आठवड्यातले काही तास, एखादं आतल्या वापराचं छोटं साधन नव्या फ्रेमवर्कमध्ये करायची मुभा, हे मार्ग आहेत. ते द्यायचे नाहीत आणि मग लोक आडवाटेने बदलाचा आग्रह धरतात म्हणून वैतागायचं, हे बरोबर नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला तर बैठकीत कुणी बोलावतच नाही. वापरणाऱ्याला आपलं फ्रेमवर्क कोणतं ते माहीत नसतं. पान किती वेळात हलायला लागतं, भरलेला फॉर्म मध्येच गळतो का, कालपर्यंत जिथे होतं ते बटण आज तिथे आहे का, एवढं त्याला कळतं. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने लॉगिन न केलेल्यांना दिसणाऱ्या पहिल्या पानावरचं रिॲक्ट ब्राउझरमधून काढलं, सर्व्हरवर ठेवलं, आणि ब्राउझरमधलं थोडं काम साध्या जावास्क्रिप्टवर सोपवलं. ते पान वापरण्याजोगं व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. कंपनीने रिॲक्ट सोडलं नाही. एका पानाला त्याची गरज नव्हती, एवढंच त्यांनी पाहिलं. संथ फोनवर, कमजोर जोडणीवर बसलेल्या माणसाचा विचार केला की प्रश्न ‘कोणतं फ्रेमवर्क’ इतका मोठा राहत नाही. तो ‘या पानाला किती’ इतका लहान होतो, आणि लहान प्रश्न सुटतात.

इथेच टप्प्याटप्प्याने बदलण्याचा एक धोका सांगायला हवा, कारण मी त्याच मार्गाचा पुरस्कर्ता आहे. पिंपळाचं रोप दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, मुळं खाली सोडतं आणि काही वर्षांनी मूळ झाडाला वेढून टाकतं. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर-लेखकाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलातली अशीच झाडं पाहून २००४ मध्ये या पद्धतीला त्यांचं नाव दिलं: जुनी प्रणाली चालू ठेवायची आणि तिच्याभोवती नवी वाढवत न्यायची. पद्धत उत्तम आहे. पण वेबच्या पुढच्या बाजूला एकाच पानावर जुनं आणि नवं एकत्र नांदू लागलं की वापरणाऱ्याला दोन्ही फ्रेमवर्कं उतरवून घ्यावी लागतात. आमची सोय, त्याचा डेटा. म्हणून शक्य असेल तिथे कॉम्पोनंट-कॉम्पोनंट न बदलता पानं-पानं बदलावीत. दुसरा धोका याहून मोठा: काम मध्येच थांबणं. पैसे संपतात, प्रमुख बदलतो, दुसरी निकड येते, आणि एका कोडबेसमध्ये तीन फ्रेमवर्कं उरतात. अशा ठिकाणी काम केलेल्याला विचारा. तो म्हणेल, जुनं एकटं होतं तेच बरं होतं. त्यामुळे मी प्रत्येक टप्प्याला एकच कसोटी लावतो: उद्या हे काम इथेच थांबलं तर आपण कालच्यापेक्षा बऱ्या जागी आहोत का? आणि प्रगती मोजायची ती नव्या फाइल्स किती लिहिल्या त्यावरून नव्हे, जुन्या किती कायमच्या पुसल्या त्यावरून.

हल्ली एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. कोड आता यंत्र लिहून देतं, मग बदलायला खर्च किती? यात तथ्य आहे. एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या संकेतस्थळाने भाषा-मॉडेल वापरून सुमारे साडेतीन हजार टेस्ट फाइल्स एन्झाइम या टेस्ट लिहायच्या साधनावरून रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी या दुसऱ्या साधनावर सहा आठवड्यांत आणल्या. हाताने करायला दीड वर्ष लागेल असा त्यांचा अंदाज होता. पण ते का जमलं ते बघा. टेस्ट पास झाली की नाही, याचं उत्तर तिथे यंत्रालाच मिळत होतं. वजनाच्या त्या अटीचं उत्तर कोण देणार होतं? टाइप करण्याचा खर्च कधीच मुख्य नव्हता. आधी जे चालायचं ते सगळं अजून चालतंय ना, हे पडताळण्याचा खर्च मुख्य होता आणि तो आहे तिथेच आहे. शिवाय यंत्राने बदलणं स्वस्त झालं असेल तर अद्ययावत राहणंही तितकंच स्वस्त झालंय. मग ज्या टीमेला काल आवृत्ती चढवायला वेळ नव्हता तिने आज आधी ते करून का पाहू नये?

सध्या माझ्याकडे जी प्रणाली आहे तिच्याबद्दल हाच प्रश्न गेल्या वर्षी उभा राहिला. फ्रेमवर्क तीन मोठ्या आवृत्त्या मागे होतं आणि बदलावं असं टीममधल्या बहुतेकांचं मत होतं. आम्ही ठरवलं की आधी आहे तेच ताज्या आवृत्तीवर आणायचं आणि मग पुन्हा बसायचं. त्याला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत दोन गोष्टी झाल्या. डाव्या रकान्यातल्या बहुतेक ओळी गळून पडल्या. आणि प्रत्येक विचित्र अटीशेजारी, ती कुणामुळे आली ते शोधून, एक टेस्ट लिहिली गेली. आता महिन्यातले दोन दिवस आवृत्त्यांसाठी राखून ठेवलेले असतात आणि कुठल्याही फीचरसाठी ते कुणाला मागता येत नाहीत.

पुन्हा बसलो तेव्हा एक ओळ मात्र शिल्लक होती. माल कुठे पोचला ते दाखवणारी पानं. ती लोक रस्त्यात, फोनवर उघडतात, त्यांवर भरायचं काही नसतं, आणि आमचं फ्रेमवर्क तिथे गरजेपेक्षा कितीतरी जड आहे. ती पानं सर्व्हरवरूनच साध्या एचटीएमएलमध्ये पाठवावीत, या बाजूने मी मत दिलं. पहिलं पान पुढच्या महिन्यात जाईल. त्याची जुनी फाइल त्याच दिवशी पुसायची, हे कामाच्या यादीत आधीच लिहून ठेवलंय.